विस्तारित फाईल-गुणधर्म आणि कमांड-लाइन साधने : प्रतिलिपीच्या प्रामाणिकतेच्या दृष्टीने एक चिकित्सा

गोषवारा

फाईलमधील मजकुराबरोबरच त्या फाईलविषयीची माहिती फाईललाच जोडून ठेवण्याची सोय आधुनिक फाईल-प्रणालींमध्ये ‘विस्तारित गुणधर्म’ या रूपाने उपलब्ध आहे. तथापि ज्या शेलमधून आणि लहानमोठ्या आज्ञांमधून फाईलींचा दैनंदिन व्यवहार चालतो, त्यांनी ही सोय मनापासून स्वीकारलेली दिसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे यांचे अंकीकरण हा संदर्भ घेऊन या विसंगतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. नक्कल करताना गुणधर्म गळून पडणे हा दोष आहेच. परंतु ते गळाल्याचे साधनाने न सांगणे हा त्याहून मोठा दोष आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : विस्तारित गुणधर्म, शेल, कमांड-लाइन, प्रतिलिपी, पुष्पिका, मोडी कागदपत्रे, अंकीकरण.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठचे नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान मानले जाते. या ग्रंथाच्या प्रचलित प्रतींच्या अखेरीस ग्रंथरचनेचे स्थळ, तत्कालीन राजा रामचंद्र यादव, गुरुपरंपरा, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० हा काल आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव, एवढा तपशील आढळतो. पुढे शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी पाठशुद्धी केली, तिचीही नोंद ग्रंथाच्या शेवटी जोडली गेली. ग्रंथ कोणी, कोठे, केव्हा सिद्ध केला आणि त्यावर नंतर कोणता संस्कार झाला, हे वाचकाला ग्रंथातूनच कळते.

हस्तलिखितांच्या परंपरेत अशा समाप्तीलेखाला पुष्पिका म्हणतात. पुष्पिका मूळ मजकुराचा भाग नसते, ती मजकुराविषयीची माहिती असते. तरीही ती टिकली, कारण नकलकार तिला ग्रंथाचाच अवयव समजून उतरवीत असे. अनेक नकलकार तिच्याखाली स्वतःचे नाव, गाव व तिथी लिहीत आणि समोरची पोथी जशी दिसली तशी उतरवल्याची ग्वाही देत. प्रतिलिपी करणे म्हणजे केवळ अक्षरे उतरवणे नव्हे, त्या अक्षरांची ओळखही पुढे पोहोचवणे होय, असा हा अलिखित नियम होता.

संगणकावर फाईलीची नक्कल करणारी आज्ञा हा आजचा नकलकार आहे. हस्तलिखितांची व कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन ती जतन करण्याचे काम महाविद्यालये, ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये हाती घेत असताना हा नवा नकलकार जुन्या नियमाचे पालन करतो काय, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकापुरता उरत नाही. इतिहास, मराठी व ग्रंथालयशास्त्र या विषयांशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

२. विस्तारित गुणधर्म : संकल्पना व मर्यादा

युनिक्स परंपरेत फाईल म्हणजे बाइट्सची एक सलग माळ. त्या माळेविषयीची ठरावीक माहिती, उदाहरणार्थ मालक, गट, परवानग्या, आकार व कालनोंदी, ‘आयनोड’ या वेगळ्या नोंदीत राहते. हे रकाने पूर्वनिश्चित असतात. वापरकर्त्याला त्यांत नव्या रकान्याची भर घालता येत नाही. ही उणीव विस्तारित गुणधर्मांनी भरून काढली. गुणधर्म म्हणजे एक नाव व त्याचे एक मूल्य अशी जोडी. ही जोडी फाईलीच्या मजकुरात मिसळत नाही, पण फाईलीच्या नोंदीशी बांधलेली असते.

लिनक्समध्ये अशा गुणधर्मांची चार नामक्षेत्रे आहेत : युजर, ट्रस्टेड, सिक्युरिटी व सिस्टिम. पहिले सामान्य वापरकर्त्यासाठी मोकळे आहे. उरलेली तीन प्रामुख्याने सुरक्षा-व्यवस्था व प्रणालीच्या अंतर्गत कामासाठी आहेत. सूक्ष्म परवानग्यांच्या याद्या आणि एसई-लिनक्सच्या सुरक्षा-खुणा याच मार्गाने साठवल्या जातात. गुणधर्माचे नाव २५५ बाइट्सपर्यंत व एकेका मूल्याचा आकार ६४ किलोबाइटपर्यंत असू शकतो. ‘एक्स्ट-४’ या बहुप्रचलित फाईल-प्रणालीत मात्र, विशेष सोय सुरू केलेली नसल्यास, एका फाईलीचे सर्व गुणधर्म मिळून साधारणतः एका ब्लॉकच्या, म्हणजे बहुधा ४०९६ बाइट्सच्या मर्यादेत बसवावे लागतात. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट्स घेत असल्याने ही जागा सुमारे तेराशे चिन्हांची होते. विवेचक टिपणाला ती अपुरी आहे; पण सूचीतील एका नोंदीला पुरेशी आहे.

३. पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीत ती होती. १९९० च्या दशकातील बीओएस या प्रणालीने तर तिला केंद्रस्थानी आणले. तेथे प्रत्येक ई-पत्र ही एक स्वतंत्र फाईल असे. प्रेषक, विषय व दिनांक हे तिचे गुणधर्म असत आणि त्यांची अनुक्रमणी स्वतः फाईल-प्रणालीच ठेवीत असे. गुणधर्म पाहणे, जोडणे व त्यांवरून शोध घेणे यांसाठी बीओएसच्या शेलमध्ये स्वतंत्र आज्ञा होत्या. हैकू या प्रणालीने हा वारसा पुढे चालवला आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस ९ मध्ये २००२ साली गुणधर्मांना एका अदृश्य उपनिर्देशिकेचे रूप देण्यात आले आणि ‘रनॅट’ या आज्ञेने त्या उपनिर्देशिकेत नेहमीच्याच आज्ञा चालवता येऊ लागल्या. अ‍ॅपलने २००५ साली मॅक ओएस १०.४ मध्ये ही सोय दिली. मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएसमध्ये समांतर प्रवाहांच्या रूपाने तिच्याजवळ जाणारी रचना आहे.

प्रत्येक प्रणालीने आपापली वाट काढली, सामायिक वाट मात्र घडली नाही. युनिक्ससदृश प्रणालींना जोडणाऱ्या पॉसिक्स या मानकात विस्तारित गुणधर्मांना स्थान नाही. परवानग्यांच्या याद्या व तत्सम सुरक्षा-सोयींसाठी तयार झालेला पॉसिक्सचा मसुदाही अखेर मागे घेण्यात आला. लिनक्सने त्या मसुद्याच्या आधारे याद्या राबवल्या, पण तो मसुदा मानक झाला नाही. परिणामी ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘टार’ यांसारख्या आज्ञांनी गुणधर्मांशी कसे वागावे याविषयी बंधनकारक असे काहीच उरले नाही. पुढे दिसणाऱ्या बहुतेक विसंगतींचे मूळ येथे आहे.

४. गरज कोठे आहे : नगरचे कागद

१९६० साली स्थापन झालेल्या अहमदनगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्रासारख्या संस्थांमुळे या जिल्ह्यातील मोडी कागदपत्रे व हस्तलिखिते अभ्यासकांसाठी उपलब्ध राहिली. जुन्या कागदाची घडण पाहिली तर मजकूर आणि मजकुराविषयीची नोंद यांचे नाते किती घट्ट होते हे ध्यानी येते. पेशवेकालीन पत्रावर शिक्का असे, समाप्तीची मोर्तब असे, दप्तरात नोंद झाल्याची ‘बार’ ही खूण असे, तर पत्र हाती पडल्यावर पैवस्तीची, म्हणजे पोहोचल्याची तारीख त्यावर लिहिली जाई. या खुणा पत्रातील विषयाचा भाग नव्हेत. परंतु त्यांच्यावाचून पत्राचा पुरावा म्हणून उपयोग निम्म्याने घटतो.

अशा एका कागदाचे छायाचित्र घेतले की त्याला नव्या नोंदी लागतात : मूळ संग्रह, रुमाल वा बस्ता क्रमांक, कागदाच्या दोन्ही बाजूंचा क्रम, लिप्यंतर करणाऱ्याचे नाव, मुळातील तिथी व तिचे रूपांतर. मोडी कागदांत शालिवाहन शक, फसली, सुहूर व हिजरी अशा निरनिराळ्या कालगणना येतात. मुळात लिहिलेली तिथी आणि अभ्यासकाने काढलेला इसवी दिनांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. रूपांतर चुकले तर ते मूळ तिथीवरूनच दुरुस्त करता येते.

यावर सर्वत्र दिसणारा उपाय म्हणजे सारी माहिती फाईलीच्या नावात कोंबणे. या उपायाची मर्यादा मोजून दाखवता येते. एक्स्ट-४ मध्ये फाईलीचे नाव २५५ बाइट्सपेक्षा मोठे असू शकत नाही. म्हणजे देवनागरीत फार तर ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण त्यांत स्वतंत्र धरली जाते. मोडी लिपीचा युनिकोडमध्ये २०१४ साली समावेश झाला. तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइट्स घेते, म्हणून तेथे ही मर्यादा ६३ वर येते. एवढ्या जागेत गाव, तिथी, संग्रह व क्रमांक बसवताना संक्षेप करावे लागतात आणि ते संक्षेप पुढच्या पिढीला कोडे होतात.

दुसरी अडचण या जिल्ह्याने नुकतीच अनुभवली. २०२४ साली अहमदनगरचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. ज्या फाईलींच्या नावांतच जिल्ह्याचे नाव गोवलेले आहे, त्यांचे आता काय करावे? नावे बदलली तर जुन्या लेखांतील व प्रबंधांतील निर्देश तुटतात; न बदलली तर नव्या नावाने शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत. शिवाय जुन्या कागदात बहुधा नुसते ‘नगर’ असते. कागदातील नाव, कागद छायांकित झाला त्या वेळचे प्रशासकीय नाव आणि आजचे नाव हे तीन स्वतंत्र गुणधर्म आहेत. फाईलीचे नाव अचल ठेवून हे तिन्ही तिला जोडता येणे हीच विस्तारित गुणधर्मांची खरी उपयुक्तता होय. शीर्षक, कर्ता, मूळ स्रोत यांसारख्या डब्लिन कोअर घटकांना युजर नामक्षेत्रात कोणत्या नावाने ठेवावे याची संकेतसूचीही फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने सुचवलेली आहे. संकल्पना योग्य आहे, जागाही उपलब्ध आहे. प्रश्न उरतो तो नकलकाराचा.

५. आज्ञांची परीक्षा

लिनक्सवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीएनयू संचातील ‘सीपी’ ही आज्ञा प्रथम घ्यावी. कोणताही पर्याय न देता तिने नक्कल केली तर युजर गुणधर्म उतरत नाहीत. ‘पी’ हा पर्याय दिला तर परवानग्या, मालकी व कालनोंदी येतात. युजर गुणधर्म तेव्हाही येत नाहीत. ‘ए’, म्हणजे आर्काइव्ह, हा पर्याय दिला तर ते आणण्याचा प्रयत्न होतो. मात्र प्रयत्न फसला तरी आज्ञा काही बोलत नाही आणि यशस्वी झाल्याचाच निर्देश देते. ‘प्रिझर्व्ह’ या पर्यायात गुणधर्मांचा स्पष्ट उल्लेख केला तरच अपयश त्रुटी म्हणून कळवले जाते. याचा अर्थ असा की, जतनासाठी म्हणून असलेला सोपा पर्याय मूक आहे आणि बोलका पर्याय ज्याला आधीच धोका ठाऊक आहे त्यालाच सापडतो.

‘एमव्ही’ची गोष्ट अधिक गंभीर आहे. एकाच फाईल-प्रणालीत फाईल हलवली तर केवळ नाव बदलते व गुणधर्म सुरक्षित राहतात. फाईल पेन ड्राइव्हवर हलवली तर प्रत्यक्षात नक्कल होऊन मूळ फाईल पुसली जाते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ वा एक्स-फॅट पद्धतीचा असतो आणि लिनक्सवर या पद्धतींत युजर गुणधर्म ठेवण्याची सोय नाही. अशा वेळी गुणधर्म नव्या जागी पोहोचत नाहीत, जुन्या जागी उरत नाहीत आणि आज्ञा यशस्वी ठरते. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात साहित्य नेण्याचे सर्वांत प्रचलित साधन पेन ड्राइव्ह हेच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाची किंमत कळते.

‘आरसिंक’मध्ये गुणधर्मांसाठी मोठ्या लिपीतील ‘एक्स’ हा वेगळा पर्याय आहे. नावाने आर्काइव्ह असलेल्या ‘ए’ पर्यायात त्याचा अंतर्भाव नाही. जीएनयू ‘टार’ने २०१३ च्या १.२७ या आवृत्तीपासून गुणधर्मांना थारा दिला. परंतु गठ्ठा बांधताना व सोडताना दोन्ही वेळा तसे सांगावे लागते. ‘झेडएसएच’ या शेलमध्ये गुणधर्म वाचण्या-लिहिण्याचा एक जोडभाग आहे. सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘बॅश’मध्ये तशी अंगभूत सोय नाही, तेथे ‘गेटएफअ‍ॅटर’ व ‘सेटएफअ‍ॅटर’ या बाहेरच्या आज्ञांवर विसंबावे लागते.

नष्ट होण्याहून वाईट प्रकार म्हणजे चुकीची ओळख चिकटणे. आधीपासून असलेल्या फाईलीवर शेलच्या पुनर्निर्देशनाने नवा मजकूर लिहिला, किंवा कोणताही पर्याय न देता ‘सीपी’ने दुसरी फाईल तिच्यावर उतरवली, तर जुना आयनोड तसाच राहतो. मजकूर बदलतो, पण जुन्या मजकुराचे युजर गुणधर्म त्या नव्या मजकुराला चिकटलेले राहतात. उदाहरणादाखल, शेवगावच्या कागदाच्या फाईलीवर श्रीगोंद्याच्या कागदाचे छायाचित्र उतरवले गेले, तर आतला कागद श्रीगोंद्याचा आणि ओळख मात्र शेवगावची, अशी स्थिती होईल. एका पोथीची पुष्पिका दुसऱ्या पोथीला शिवावी तसा हा प्रकार आहे. याच्या उलट, अनेक संपादक-प्रणाली मजकूर जतन करताना नवी फाईल निर्माण करून तिला जुने नाव देतात. तेव्हा मजकूर योग्य राहतो, पण नोंद गळते. वापरकर्त्याच्या दृष्टीने कृती एकच, ‘बदल करून जतन केले’; परिणाम मात्र साधनागणिक परस्परविरुद्ध.

हे सर्व ध्यानात यावे अशी खूणही समोर येत नाही. ‘एलएस’च्या विस्तृत यादीत परवानग्यांची जादा यादी असल्यास अधिकचिन्ह दिसते, सुरक्षा-खूण असल्यास टिंब दिसते, युजर गुणधर्म असल्याचे कोणतेही चिन्ह जीएनयू आवृत्तीत नाही. मॅकवरील ‘एलएस’ अशा फाईलीपुढे ‘अ‍ॅट’ची खूण दाखवते, म्हणजे हे करणे अशक्य नाही. ‘सीएमपी’ व ‘डिफ’ या आज्ञा केवळ मजकुराची तुलना करतात. जतनकार्यात ज्याच्यावर सर्वाधिक भिस्त असते तो चेकसमही मजकुरावरूनच काढला जातो. त्यामुळे नोंद पूर्णपणे गळालेली प्रत आणि मूळ फाईल यांचा चेकसम तंतोतंत जुळतो, आणि तपासनीस समाधानाने पुढे जातो.

६. देवनागरीचा प्रश्न

मराठी वापरकर्त्याला आणखी एक अडथळा भेटतो. गुणधर्माचे मूल्य साठवताना प्रणालीला भाषेशी कर्तव्य नसते. यूटीएफ-८ मधील देवनागरी जशीच्या तशी साठते. पण ‘गेटएफअ‍ॅटर’ने ते मूल्य मागितले, तर ते मजकूर आहे की अन्य काही, याचा अंदाज ही आज्ञा एकेका बाइटच्या छपाईयोग्यतेवरून बांधते. देवनागरीचे बाइट्स त्या कसोटीला उतरत नाहीत. म्हणून ‘नेवासे’ असे लिहून ठेवलेल्या गुणधर्माऐवजी पडद्यावर बेस-६४ या संकेतनातील रोमन अक्षरांची व अंकांची निरर्थक वाटणारी माळ उमटते. मूल्य मजकूर म्हणूनच दाखवावे असा पर्याय दिला की नेवासे पुन्हा दिसते. माहिती सुरक्षित असते, फक्त वाचता येत नाही. पण प्रथमच हा प्रयोग करणाऱ्या ग्रंथपालाला नोंद बिघडल्याचाच भास होईल आणि तो हा मार्ग सोडून देईल. इंग्रजी नोंद थेट दिसते आणि मराठी नोंदीसाठी वेगळी विनंती करावी लागते, ही स्थिती तांत्रिकदृष्ट्या किरकोळ असली तरी भाषेच्या वापराच्या दृष्टीने किरकोळ नाही.

७. विरुद्ध बाजू

या टीकेला आज्ञांच्या कर्त्यांकडून दिले जाणारे उत्तर दुर्लक्षणीय नाही. पहिला मुद्दा साधेपणाचा. युनिक्सची शक्ती फाईल म्हणजे केवळ बाइट्सची माळ या एका कल्पनेत आहे. शेलमधील पाइप एका आज्ञेचे फलित दुसरीकडे नेतो, ते याच रूपात. दोन फाईली एकत्र करून तिसरी केली तर तिला कोणाचे गुणधर्म द्यावेत? गाळणी लावलेल्या मजकुराची ओळख मूळ मजकुराचीच मानावी काय? या प्रश्नांना सर्वमान्य उत्तर नाही. पाइपमधून गुणधर्म वाहत नाहीत यात कर्त्यांची हयगय नसून तत्त्वाचा प्रश्न आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा मुद्दा गोपनीयतेचा. ‘डब्ल्यूगेट’ ही आज्ञा उतरवलेल्या फाईलीचा मूळ पत्ता तिच्या गुणधर्मात नोंदवीत असे. त्या पत्त्यात कधी वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्दही असू शकतात, ही बाब २०१८ साली पुढे आली आणि १.२०.१ या आवृत्तीत ही नोंद आपोआप होणे बंद करण्यात आले. न दिसणारी माहिती फाईलीबरोबर सर्वत्र फिरणे हे वरदानच असेल असे नाही. तिसरा मुद्दा सुरक्षेचा : सुरक्षेसाठीचे गुणधर्म नकलेबरोबर बिनदिक्कत फिरू लागले तर एका यंत्रावरील विशेषाधिकार दुसऱ्या यंत्रावर पोहोचतील.

हे तिन्ही मुद्दे विचारात घेतले तरी मूळ आक्षेप शिल्लक राहतो. पाइपचा प्रश्न तात्त्विक असेल, पण एका फाईलीची एक पूर्ण नक्कल करताना तो उद्भवत नाही. गोपनीयतेच्या मुद्द्यातून तर उलट निष्कर्ष निघतो : ‘एलएस’ने गुणधर्मांचे अस्तित्व दाखवले असते तर ती नोंद इतका काळ लक्षाबाहेर राहिली नसती. सुरक्षेच्या मुद्द्याला नामक्षेत्रांचा भेद हे उत्तर आधीच दिलेले आहे. युजर गुणधर्मांना सुरक्षा-गुणधर्मांच्या मापाने मोजण्याचे कारण नाही. गुणधर्म सर्व ठिकाणी टिकलेच पाहिजेत हा आग्रह अवास्तव आहे. फॅट-३२ वर ते टिकणार नाहीत. आग्रह इतकाच की, जे टिकले नाही ते टिकले नाही असे साधनाने सांगावे. नकलकाराला एखादे पान लागले नाही तर तो तेथे जागा कोरी सोडतो. कोरी जागा पाहून वाचक सावध होतो. येथे कोरी जागाही सुटत नाही.

८. विचारार्थ सूचना

साधनांच्या बाजूने तीन सुधारणा पुरेशा ठरतील. आर्काइव्ह म्हणवणाऱ्या पर्यायाने युजर गुणधर्म गळाल्यास किमान एक ओळीची सूचना द्यावी. विस्तृत यादीत युजर गुणधर्मांसाठी एक खूण असावी. ‘गेटएफअ‍ॅटर’ने छपाईयोग्यता बाइटवरून न ठरवता वैध यूटीएफ-८ वरून ठरवावी. ही साधने मुक्त स्रोताची आहेत. संगणकशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून तिसऱ्या सुधारणेसारखे काम देता येईल. त्याचा पहिला लाभ मराठीलाच होईल.

तोवर संग्राहक संस्थांनी विस्तारित गुणधर्मांना कामचलाऊ टिपणवहीचे स्थान द्यावे, अभिलेखाचे नव्हे. कायम नोंद दोन ठिकाणी असावी. टिफ व जेपेग या चित्रस्वरूपांत फाईलीच्या आतच वर्णनपर माहिती ठेवता येते. ती बाइट्सच्या माळेचाच भाग असल्याने कोणत्याही साध्या नकलेत टिकते. पुष्पिका टिकली ती याच न्यायाने. त्याखेरीज प्रत्येक संचाबरोबर साध्या मजकुराच्या स्वरूपातील सूची असावी आणि चेकसम त्या सूचीचाही काढावा. ज्यांनी गुणधर्म वापरलेच आहेत त्यांना ‘गेटएफअ‍ॅटर’च्या साहाय्याने संपूर्ण निर्देशिकेचे युजर गुणधर्म एका मजकूर-फाईलीत उतरवता येतात आणि ‘सेटएफअ‍ॅटर’च्या ‘रिस्टोअर’ या पर्यायाने ते नव्या जागी परत चढवता येतात. कोणताही संच अन्यत्र नेण्यापूर्वी ही फाईल तयार करणे हा नियमच असावा. मूळ फाईल पुसण्यापूर्वी दोन-चार नकलांचे गुणधर्म प्रत्यक्ष वाचून पाहावेत. केवळ चेकसम जुळला म्हणून संच पूर्ण पोहोचला असे मानू नये.

९. समारोप

विस्तारित गुणधर्मांच्या रूपाने फाईल-प्रणालींनी एका जुन्या गरजेला उत्तर दिले. बीओएसच्या कर्त्यांनी ते उत्तर शेलपर्यंत पोहोचवले होते. लिनक्सच्या जगात ते फाईल-प्रणालीत आहे, काही आज्ञांत आहे, पण आज्ञांच्या नित्य वर्तनात नाही. मानकाच्या अभावी प्रत्येक साधनाने आपल्यापुरता निर्णय घेतला आणि त्यांतील अनेकांचा निर्णय मौनाचा ठरला.

या मौनाची झळ मोठ्या संस्थांना कमी आणि लहान संग्रहांना अधिक लागते. ज्या महाविद्यालयात एकच अध्यापक फावल्या वेळात गावोगावचे कागद छायांकित करतो, तेथे त्या कागदाचे गाव, घर व तिथी ठाऊक असलेली तीच एक व्यक्ती असते. तिने जोडलेली नोंद एका पेन ड्राइव्हच्या प्रवासात गळाली तर छायाचित्र शिल्लक राहते, पण ते कोणत्या दप्तरातले हे सांगणारा कोणी उरत नाही. मोडी वाचणारे आधीच थोडे आहेत. वाचून झालेले पुन्हा निनावी होणे या जिल्ह्याला परवडणारे नाही. नेवाशाच्या ग्रंथाचा काल व लेखनिक सातशे वर्षांनंतरही ठाऊक आहेत, कारण प्रत्येक नकलकाराने शेवटच्या ओव्याही उतरवल्या. नव्या नकलकाराकडून तेवढीच अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण होत नाही तोवर शेवटच्या ओळी ग्रंथाच्या आतच लिहिणे शहाणपणाचे आहे.